वाचकांचे प्रश्न : ऑक्सफर्डच्या म्युझियममध्ये मुलांना न्यायचं तर

मागच्या अंकात ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा ओझरता उल्लेख केला होता, त्यावर इतक्या जणांनी लिहिलं की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. बरेच प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत, पत्रं थोडी कापलीत.

ताई, आम्ही रेडिंगला राहतो, मुलं ६ आणि ११ वर्षांची. लंडनचं मोठं नॅचरल हिस्टरी म्युझियम बघून झालंय, मग ऑक्सफर्डला मुद्दाम जाण्यासारखं वेगळं काय आहे? आणि तिकीट किती?

तिकीट नाही, प्रवेश फुकट आहे आणि रोज १० ते ५ उघडं असतं. लंडनचं म्युझियम अफाट आहे, तिथे अर्धा वेळ गर्दीतून वाट काढण्यात जातो आणि संध्याकाळी मुलांना विचारलं काय बघितलं तर डायनोसॉर एवढंच उत्तर येतं. ऑक्सफर्डचं म्हणजे काचेच्या छताखाली एक मोठा चौक, त्याच्या भोवती कमानींचे व्हरांडे आणि वर गॅलरी, बस. मुलं हरवत नाहीत, आपणही दमत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाच वस्तूपाशी दहा मिनिटं उभं राहिलं तरी मागून कुणी ढकलत नाही.

आत शिरलं की टी-रेक्सचा सांगाडा दिसतो, मुलं तिकडे धावणारच, धावू द्या. ती साच्यातून काढलेली नक्कल आहे, शेजारचा इग्वानोडॉन हा डायनोसॉरपण नक्कलच आहे. त्याच्या अंगठ्याचा टोकदार काटा मात्र दाखवा, हा काटा पहिल्यांदा सुटा सापडला तेव्हा मँटेल नावाच्या डॉक्टरांनी तो प्राण्याच्या नाकावर बसवला होता, पुढे बेल्जियममध्ये पूर्ण सांगाडे मिळाले तेव्हा कळलं की तो हाताचा आहे.

मग मुलांना मेगॅलोसॉरसच्या जबड्यापाशी न्या. आकाराने फार मोठा नाही, टी-रेक्सच्या पुढे मुलांना तो किरकोळ वाटेल, पण हा खरा आहे. ऑक्सफर्डजवळ स्टोन्सफील्ड गावात छपरावर घालायच्या दगडी पाट्या काढायच्या खाणी होत्या, तिथे हा सापडला. विल्यम बकलंड इथे भूविज्ञान शिकवायचे, त्यांनी १८२४ साली या हाडांचं शास्त्रीय वर्णन करून प्राण्याला नाव दिलं. डायनोसॉर हा शब्दच तेव्हा नव्हता, तो रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञांनी १८४२ मध्ये आणला, म्हणजे गटाला नाव मिळायच्या १८ वर्षं आधी त्यातला पहिला प्राणी शास्त्रात नोंदला गेला होता.

जबडा जवळून बघा. एक पूर्ण वाढलेला दात आहे, मागे वळलेला, कडेला ब्रेड कापायच्या सुरीला असतात तसे बारीक दाते. त्याच्या आजूबाजूला नीट बघितलं तर हाडातून छोट्या दातांची टोकं वर येताना दिसतात, हे नवीन दात. बकलंडना हेच दिसलं, की दात पडत होते आणि त्यांच्या जागी नवे येत राहायचे, म्हणजे सरपटणारा प्राणी, पण बहुतेक सरड्यांच्या दातांसारखे ते नुसते हाडाच्या कडेला चिकटलेले नाहीत तर खोबणीत बसलेत, म्हणजे काहीतरी वेगळाच प्राणी आहे. तुमच्या धाकट्याचे दुधाचे दात आत्ता पडायला लागले असतील ना, त्याला आधी काही सांगू नका, फक्त विचारा की हे छोटे दात कशाला असतील बरं. मोठ्याला दुसरा प्रश्न द्या, एवढ्याशा तुकड्यावरून आख्खा प्राणी केवढा असेल ते कसं ठरवायचं. बकलंडना तो ४० फूट किंवा त्याहूनही लांब वाटला होता, आज ६ ते ९ मीटर धरतात. मोजमाप का बदललं यावर रेडिंगला परत जाईपर्यंत गप्पा होतील.

इमारतीलाही वेळ ठेवा. १८६० ची आहे, युनिव्हर्सिटी प्रेसला बायबल छापून जो नफा व्हायचा त्यातून मोठा खर्च झाला होता. चौकाभोवतीचा प्रत्येक खांब ब्रिटनमधल्या वेगळ्या दगडाचा आहे आणि दगडाचं नाव खाली कोरलंय, आणि वरची पानंफुलं आयर्लंडहून आलेल्या ओ'शे बंधूंनी खरी ताजी झाडं समोर ठेवून कोरलीत, बोटॅनिक गार्डनमधून झाडं आणून द्यायचे त्यांना. पुढे पैसे संपले आणि काही काम अर्धवट राहिलं, दर्शनी बाजूच्या खिडक्या बघा, काहींच्या भोवती नक्षी आहे, काही कोऱ्याच. याच इमारतीत जून १८६० मध्ये डार्विनच्या बाजूचे शास्त्रज्ञ हक्सली आणि विरोधातले बिशप विल्बरफोर्स यांचा डार्विनच्या उत्क्रांतीच्या सिद्धांतावरून गाजलेला वाद झाला, पुस्तक येऊन तेव्हा जेमतेम ७ महिने झाले होते. तुम्ही आजोबांकडून माकडाचे वंशज की आजीकडून, असं बिशपनी हक्सलींना विचारल्याचा जो किस्सा सांगतात त्याची शब्दशः नोंद तेव्हा कुणी ठेवली नव्हती, त्यामुळे मुलांना सांगताना वाद झाला एवढं पक्कं सांगा.

गाडी नेऊ नका, शहरात पार्किंग मिळणं कठीण आहे. रेडिंगहून थेट ट्रेन आहे, स्टेशनवरून चालत २०-२५ मिनिटं, गाडीच न्यायची तर शहराबाहेर पार्क अँड राइडला लावून बस घ्या. डबा नेला तर जवळच युनिव्हर्सिटी पार्क्स आहे, तिथे गवतावर बसून खाता येतं.

आमची रविवारची मराठी शाळा आहे, साधारण २५ मुलं. सहल न्यायची ठरतेय. म्युझियमचे शैक्षणिक कार्यक्रम आहेत म्हणतात, त्यात नेमकं काय असतं? नुसतं फिरवून आणलं तर चालणार नाही का?

चालेल, पण मग २५ मुलं तासाभरात सगळ्या काचा बघून दुकानात जमतील, हे कुठल्याही शाळेच्या सहलीत दिसतं. ग्रुप असेल तर आधी बुकिंग करावंच लागतं, ते टाळू नका, एकाच वेळी चार शाळा आल्या तर चौकात उभं राहायला जागा उरत नाही.

युनिव्हर्सिटीच्या म्युझियमचा फायदा असा की शिकवणाऱ्यांच्या हाताशी खरे नमुने असतात आणि वरच्या मजल्यांवर त्याच विषयात संशोधन करणारी माणसं बसलेली असतात. प्राथमिकच्या मुलांसाठी डायनोसॉर, किडे, प्राण्यांची अंगरचना असले विषय असतात आणि त्यात कवट्या, जीवाश्म, शिंगं अशा गोष्टी हातात मिळतात. मांसाहारी आणि शाकाहारी प्राण्याची कवटी शेजारी शेजारी ठेवून दातांवरून आणि डोळ्यांच्या जागेवरून ओळखा म्हटलं की मुलं आपणहून भांडायला लागतात, आणि ते भांडण फार चांगलं असतं कारण प्रत्येकाला आपलं म्हणणं त्या हाडावर बोट ठेवून पटवावं लागतं. मोठ्या मुलांसाठी उत्क्रांती, वर्गीकरण वगैरे. शाळांचे कार्यक्रम आठवड्याच्या मधल्या दिवसांत असतात, तुमची शाळा रविवारची, तेव्हा म्युझियमच्या शिक्षण विभागाला सरळ मेल टाका, मुलांची वयं, संख्या, कुणाला काही विशेष मदत लागत असेल तर ते, आणि कुठला विषय चाललाय ते लिहा. वीकेंडला आणि सुट्ट्यांत कुटुंबांसाठीही उपक्रम असतात पण तारखा बदलतात, साइटवर बघूनच दिवस ठरवा.

माझं एक कळकळीचं सांगणं आहे, ते भलेमोठे वर्कशीट देऊ नका. वीस रिकाम्या जागा दिल्या की मुलं वस्तूकडे बघतच नाहीत, पाटी वाचून उत्तर उतरवतात आणि पुढे पळतात. त्यापेक्षा दोघादोघांची जोडी करा, प्रत्येक जोडीला एकच वस्तू, १५ मिनिटं, कागद पेन्सिल, चित्र काढा आणि खाली एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर पाटीवर नाही असा. मराठीत लिहू द्या, शाळा मराठीची आहे, चोच, खवले, कल्ले, शेपटी, नखं हे शब्द त्या मुलांना तिथे जितके पक्के बसतील तितके वर्गात बसणार नाहीत.

मी मॉरिशसची मराठी. आमचे पूर्वज कोकणातून ऊसमळ्यांवर आले. डोडो आमच्या बेटाचा, पोर्ट लुईसला त्याचा सांगाडा मी बघितलाय. मग ऑक्सफर्डच्या डोडोचं एवढं कौतुक का?

हे पत्र वाचून फार आनंद झाला. कौतुक एवढ्यासाठी की जगात डोडोची हाडं बऱ्याच ठिकाणी आहेत, पण त्याची कातडी टिकून राहिलेली फक्त ऑक्सफर्डला आहे, एका पक्ष्याचं डोकं आणि पाय. हा पक्षी जॉन ट्रॅडेस्कंट यांच्या लंडनमधल्या संग्रहात होता, तिथून अ‍ॅशमोल या दुसऱ्या संग्राहकाकडे गेला, १६८३ मध्ये ऑक्सफर्डला आला. पुढे भुसा भरलेला पक्षी खराब झाला तेव्हा एवढंच वाचवता आलं. तो नाजूक नमुना आत जपून ठेवतात, काचेत मॉडेल आणि सांगाडा असतो, त्यामुळे खरं डोकं दिसलं नाही म्हणून हिरमुसून जाऊ नका.

त्या कातडीने काय काय सांगितलं बघा. २००२ मध्ये त्यातून मिळालेल्या डीएनएवरून पक्कं झालं की डोडो हे कबुतरांच्याच कुळातलं आणि आज जिवंत असलेल्यांत त्याचं सर्वात जवळचं नातं निकोबार कबुतराशी आहे, आपल्या अंदमान-निकोबारला असतं ते. मग २०१८ मध्ये डोक्याचं स्कॅन केलं तर कवटीच्या मागच्या बाजूला आणि मानेत शिशाचे बारीक छर्रे निघाले. तोवर समज असा होता की १६३८ च्या सुमाराला लंडनमध्ये लोकांना दाखवण्यासाठी जो जिवंत डोडो ठेवला होता तोच हा असावा. आता प्रश्न असा की त्याला मागून गोळी कोणी आणि कुठे घातली, बेटावर मारला तर इतक्या लांबच्या बोटीच्या प्रवासात तो सडला कसा नाही. साडेतीनशे वर्षं जपलेल्या वस्तूने अजून नवा प्रश्न विचारावा, मला तर म्युझियमची सगळी किंमत इथेच दिसते.

आणि तुमच्या घराण्याच्या इतिहासाजवळ जाणारी एक गोष्ट. मॉरिशसमधली डोडोची बहुतेक हाडं मार ओ सोंज नावाच्या दलदलीतून १८६५ पासून निघाली. नाव जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरांचं झालं, पण हिगिन्सन नावाच्या रेल्वे इंजिनिअरने लिहून ठेवलंय की आधी मजूर तिथला गाळ काढताना हाडं बाजूला करून त्यांचे ढीग लावत होते. त्या काळात मळ्यांवर राबणारे बहुतेक मजूर हिंदुस्थानातून नेलेलेच होते. युरोपभरच्या म्युझियममध्ये जे सांगाडे उभे आहेत त्यांची हाडं आधी आपल्या लोकांच्या हातांतून गेली असणार, हे पाटीवर कुठे लिहिलेलं नसतं, तुम्ही नातवंडांना नक्की सांगा.

माझा प्रश्न जरा कडवट आहे. लाखो किडे मारून टाचण्या टोचून ठेवायचे, यात कसलं शिक्षण? फोटो काढून भागत नाही का? (सातारा)

प्रश्न रास्त आहे आणि मुलंही हेच विचारतात, तेव्हा उत्तर टाळू नये. ऑक्सफर्डच्या कीटकसंग्रहात ५० लाखांच्या वर नमुने आहेत, हा संग्रह रेव्हरंड होप यांच्या देणगीतून सुरू झाला. त्यात १७०२ साली पकडलेलं एक फुलपाखरू आहे, टाचणीवरच्या जगातल्या सगळ्यात जुन्या कीटकांत त्याची गणना होते.

एखादा नमुना जवळून बघायला मिळाला तर किड्याच्या खाली बघा, त्याच टाचणीवर नखाएवढा कागद असतो, त्यावर बारीक अक्षरात जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. खरा ठेवा तो कागद आहे. शंभर वर्षांपूर्वी अमुक गावात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ही माशी होती हे त्यावरून कळतं, आज तिथे ती आहे का, लवकर उडायला लागली का, नाहीशी झाली का, हे ताडून बघता येतं. कागद हरवलेला किडा शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. फोटोचं म्हणाल तर फोटो जरूर काढावेत, आज हौशी लोकांनी फोटोच काढावेत असंच माझं मत आहे, पण फोटोतून डीएनए काढता येत नाही, आणि कित्येक किडे एकमेकांपासून ओळखायला सूक्ष्मदर्शकाखाली अवयव बघावे लागतात. डोडोचं उदाहरण वर दिलंच आहे, त्या काळी जपून ठेवणाऱ्याला डीएनए ही गोष्टच माहीत नव्हती.

तरी तुमच्या प्रश्नातली टोचणी खरी आहे. गेल्या दोन शतकांत हौसेपोटी आणि स्पर्धेपोटी खूप जीव मारले गेले, वसाहतींमधून विचारल्याशिवाय खूप काही उचलून नेलं गेलं, आणि हे म्युझियमांनी मुलांपासून लपवू नये.

कुठल्या महिन्यात जावं? फोटो काढू देतात का? शेजारी अजून एक म्युझियम आहे ना?

मे ते जुलै. म्युझियमच्या टॉवरमध्ये पाकोळ्यांची वसाहत आहे, आपल्याकडे जुन्या वाड्यांत आणि पुलांखाली दिसतात त्यांच्याच जवळच्या नात्यातल्या. त्या आफ्रिकेतून मे महिन्यात येतात आणि ऑगस्टपर्यंत निघून जातात. १९४८ पासून त्यांचा अभ्यास चालू आहे, डेव्हिड आणि एलिझाबेथ लॅक यांनी सुरू केला, आणि घरट्यातल्या कॅमेऱ्यावरून पिल्लं बघता येतात. घरच्यासाठी फोटो काढायला हरकत नाही. शेजारचं पिट रिव्हर्स म्युझियम, त्याची वाट याच चौकाच्या टोकाला आहे, वेगवेगळ्या समाजांच्या वस्तूंनी खचाखच भरलेलं. दोन्ही एका दिवसात केलीत तर मुलं चिडचिड करतील, ते पुढच्या खेपेला ठेवा.

ताई, हे सगळं इंग्लंडमधल्यांसाठी झालं. मी चंद्रपूर जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या मुलांनी काय बघावं?

सर, तुमचं पत्र मुद्दाम शेवटी घेतलं कारण तुमच्याकडे जे आहे ते ऑक्सफर्डच्या मुलांकडे नाही. तुमच्याच जिल्ह्यात पिसदुरा आहे. तिथे डायनोसॉरची हाडं तर मिळालीच, शिवाय त्यांची अश्मीभूत विष्ठाही मिळाली. अशी विष्ठा ओळखून तिचा नीट अभ्यास करण्याची सुरुवात मेगॅलोसॉरसवाल्या बकलंडनीच केली होती, त्याला कॉप्रोलाइट हे नावही त्यांचंच. पिसदुराच्या विष्ठेत वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत असल्याचा असा पुरावाच नव्हता. चंद्रपूरच्या मातीतल्या शेणाने जगाच्या पाठ्यपुस्तकात दुरुस्ती केली, हे तुमच्या वर्गाला सांगा आणि चेहरे बघा. फक्त एक सांभाळा, शेतातून काही उचलून आणू देऊ नका, जिथे दिसलं तिथे फोटो काढायचा, जागा लिहून ठेवायची आणि भूविज्ञान शिकवणाऱ्या कॉलेजला कळवायचं, जागेवरून हललेलं हाड म्हणजे वर सांगितलेला कागद हरवलेला किडा. शेजारच्या गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधमलाही जीवाश्म आहेत, सहल तिकडे जमू शकते.

मुंबईला जाणं झालंच तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा निसर्ग विभाग दाखवा. सालिम अलींना १९२६ मध्ये तिथेच गाइड लेक्चरर म्हणून नोकरी मिळाली होती, शाळकरी मुलांना नमुन्यांसमोर उभं करून समजावून सांगायचं हेच त्यांचं काम, म्हणजे म्युझियममधून शिकवण्याची परंपरा आपल्याकडेही जुनीच आहे. या संग्रहालयाची २०१५ पासून फिरती बसही आहे, वस्तू घेऊन शाळांपर्यंत जाणारी. कॉलेजच्या संग्रहाचं उत्तम उदाहरण बघायचं तर झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम, लाखाच्या वर वाळवलेल्या वनस्पती आहेत, पण ती संशोधनाची जागा आहे, आधी परवानगी काढून लहान गट न्यावा.

आणि मुंबई लांब पडत असेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सायन्स कॉलेजात चौकशी करा. झूऑलॉजी विभागात एक खोली असते, फॉर्मॅलिनच्या बरण्या, साप, मासे, घुबडाचा सांगाडा, कपाटात वाळलेल्या झाडांचे कागद, आणि बऱ्याचदा त्या खोलीला वर्षभर कुलूप असतं कारण बघायला कुणी येत नाही. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीने प्राचार्यांना पत्र द्या, परीक्षा आणि प्रॅक्टिकलचे दिवस सोडून तारीख मागा, विभागातल्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना अर्धा तास बोलायची विनंती करा. फॉर्मॅलिनच्या बरण्यांना मुलांनी हात लावायचा नाही हे आधी बजावा, सांगाडे आणि शंखशिंपले हातात देता येतील का ते त्यांना विचारा. कॉलेजची मुलं मदतीला घेतलीत तर फार बरं, सातवीतल्या पोराला बी.एस्सी.ची ताई पटकन आपली वाटते, तिला तो काहीही विचारतो. पत्राचा मसुदा लागला तर कळवा, मी लिहून पाठवते.